बिनउत्पन्नाचे वतन

मुंबई सरकारने 1950 साली कायदा करून परगणे व कुलकर्णी वतने नष्ट केली, तेव्हा वतन नावाच्या संस्थेचा भूतलावरून समूळ उच्छेद झाला, अशी जी समजूत आमच्या पिढीतील सुशिक्षित माणसे उराशी बाळगून होती, तिच्यात मीही एक भागीदार होतो. परंतु गेल्या हिवाळ्यात लंडनच्या आग्नेय अंगास, थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील चार्ल्टन नावाच्या वस्तीत, माझ्या सख्ख्या भाच्याच्या घरी पाच आठवडे मुक्काम करण्याचा योग आला. (जानेवारीच्या मध्यास गावाकडे माझे एक काम नेमलेले असल्यामुळे सहावा आठवडा राहता आले नाही.) त्या मुक्कामात मला असे आढळले की, ज्या इंग्रजांनी इनाम कमिशन बसवून आमच्या वतनदारांच्या सनदा एकामागून एक तपासल्या आणि कित्येक घराण्यांची झोप उडवली, त्याच इंग्रजांच्या देशात वतनदारीची एक अत्यंत कडक पद्धत आजमितीस बिनतक्रार चालू आहे. भेद इतकाच, की आमचा वतनदार चाकरी करी आणि तिच्या बदल्यात उत्पन्न खाई; तिकडचा वतनदार चाकरीही करतो आणि उत्पन्नही आपल्याच खिशातून भरतो. या वतनास तिकडे फुटबॉल संघाचा पाठीराखा असे साधे नाव आहे.

माझा भाचा एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीस आहे. स्वभावाने तो माझ्या बहिणीवर गेलेला असल्यामुळे, मंडईत कोथिंबिरीच्या दोन जुड्या हातांत घेऊन त्यांतील काड्यांची तफावत मनातल्या मनात काढणे त्यास लहानपणापासून अवगत आहे. शाळेत असताना पोट दुखते या सबबीवर तो कवायतीच्या तासास कायम गैरहजर राही, आणि त्याने कधी चेंडूस पाय लावल्याचे मला तरी स्मरत नाही. असा मनुष्य चार्ल्टन अ‍ॅथलेटिक या 1905 साली स्थापन झालेल्या संघाच्या पायी ऐन थंडीत रजा, झोप आणि पगार यांची राखरांगोळी करतो, याची उपपत्ती मला प्रथम लागेना. पुढे चौकशीअंती कळले, की त्यास हे वतन दत्तविधानाने प्राप्त झाले आहे.

विलायतेस गेल्यावर तो एका वृद्ध इंग्रज गृहस्थाच्या घरी माडीवरच्या खोलीत भाड्याने राहू लागला. त्या गृहस्थास एक मुलगा होता. परंतु तो नोकरीनिमित्त उत्तरेकडे गेला आणि तेथील एका श्रीमंत, वारंवार जिंकणाऱ्या संघाचा पाठीराखा झाला, तेव्हापासून त्या घरात त्याचा विषय निघत नाही. पोटचा वारस असा परधर्मात गेलेला, गुडघे थकलेले, आणि मैदानातील शेजारची खुर्ची रिकामी. अशा अवस्थेत जुन्या काळचा कोणताही जहागीरदार जे करता तेच त्या गृहस्थाने केले. पहिल्याच डिसेंबरात त्याने भाडेकरूच्या गळ्यात लाल-पांढरा लोकरी गळपट्टा घातला. होम झाला नाही, पेढे वाटले गेले नाहीत, दप्तरी नोंदही झाली नाही. पण माझा भाचा त्या दिवसापासून 'ते खेळतात' असे न म्हणता 'आम्ही खेळतो' असे म्हणू लागला, आणि दत्तविधान पुरे झाल्याची याहून निर्णायक खूण कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेली नाही.

आता या वतनाच्या चाकरीचे स्वरूप सांगतो. इंग्लंडच्या दुसऱ्या वर्गाच्या साखळीत चोवीस संघ असून प्रत्येकास हंगामात 46 सामने खेळावे लागतात. हे सामने वर्षभर बेताबेताने वाटून घ्यावेत, असे कोणाही समंजस कारकुनास सुचले असते; पण तिकडील व्यवस्थापकांनी उन्हाळ्याचे लांबलचक, प्रसन्न दिवस विश्रांतीस राखून, जेव्हा दुपारी चार वाजता अंधार पडतो, दाढीवर दव गोठते आणि सभ्य माणसाने पांघरुणाबाहेर हात काढू नये असे निसर्गच सुचवतो, नेमक्या त्याच पंधरवड्यात चार-पाच सामने लागोपाठ कोंबले आहेत. त्यांतही 26 डिसेंबरची योजना पाहून मी थक्क झालो. नाताळच्या दिवशी त्या देशात आगगाडी धावत नाही आणि दुसऱ्या दिवशीही बहुतेक लोहमार्ग बंदच असतात. म्हणून त्याच दुसऱ्या दिवशी देशभरच्या लक्षावधी लोकांनी गावोगावच्या मैदानांवर हजर व्हावे, असा शतकाहून जुना रिवाज आहे. पूर्वी 25 तारखेसही सामने होत. ती प्रथा गेल्या शतकाच्या मध्यानंतर मोडली, याचे श्रेय धर्मगुरूंपेक्षा घरोघरच्या गृहिणींना द्यावे, असे मला वाटते.

त्या 26 तारखेस मीही भाच्याबरोबर गेलो. संघाच्या मैदानास 'व्हॅली', म्हणजे दरी, असे नाव आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे; कारण मुळात तो वाळू आणि खडूच्या खाणीचा सोडून दिलेला खड्डा होता आणि 1919 साली संघाच्या पाठीराख्यांनीच फावडी-घमेली घेऊन त्याचे मैदान केले. म्हणजे चाकरीचा आरंभच वेठीने झाला, आणि तीही स्वखुशीच्या. 1938 सालच्या फेब्रुवारीत येथे 75,031 माणसे एका सामन्यास उभी राहिली होती. आता खुर्च्या आल्यामुळे सत्तावीस हजारांच्या आसपासच मावतात, आणि त्या सगळ्या भरतात असेही नाही. मध्यंतरात लोक ज्या पदार्थाकडे धावले तो पिठाच्या पारीत मांसाचे सारण भरलेला असून त्यास 'पाय' म्हणतात. पायांनी खेळण्याचा खेळ पाहताना पाय खाण्याची ही संगती मला भाषाशास्त्रदृष्ट्या उद्बोधक वाटली. भाचा मात्र वाफाळता, काळसर काढा प्याला. तो काढा कोणत्या प्राण्याच्या अर्कापासून करतात, हे मी बहिणीस कळवलेले नाही.

सामना रटाळ होता. ऐंशीव्या मिनिटास आमच्या बोटांतील संवेदना गेल्या, संघ दोन गोलांनी मागे पडला, आणि मी उठण्याची सूचना केली. तेव्हा शेजारच्या वृद्ध घरमालकाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवले आणि एक हकिकत सांगितली, जी त्या वसाहतीत सनदेच्या ठिकाणी मानली जाते. 21 डिसेंबर 1957 रोजी याच मैदानावर हडर्सफील्डच्या संघाविरुद्ध चार्ल्टनचा एक गडी जायबंदी होऊन बाहेर गेला होता, बदली गडी घेण्याचा नियम तेव्हा नव्हता, आणि जेमतेम अर्धा तास उरला असता गोलफलक एकास पाच असा झाला होता. त्यानंतर जॉनी समर्स नावाच्या गड्याने एकट्याने पाच गोल करण्याचा पराक्रम पुरा केला, आणि दहा गड्यांचा चार्ल्टन संघ सातास सहा असा जिंकला. घरमालक तेव्हा दहा वर्षांचे होते. एकास पाच झाल्यावर त्यांच्या वडिलांनी, बस चुकू नये म्हणून, त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढले. आणि पुढच्या साऱ्या आरोळ्या त्या पितापुत्रांनी रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभे राहून ऐकल्या. "तेव्हापासून मी लवकर उठत नाही," ते म्हणाले. हिशेबनीसांच्या भाषेत सांगावयाचे तर, 1957 सालची एक जमा त्या खात्यात पडली आहे, आणि तिच्या भरवशावर गेली अडुसष्ट वर्षे सतत खर्च लिहिला जात आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी भाचा किरकोळ रजा टाकून, उत्तरेकडील सुमारे चारशे किलोमीटर दूरच्या एका बंदरी सामन्यास गेला. परत येणारी शेवटची आगगाडी सामना संपण्यापूर्वीच सुटते, हे माहीत असल्यामुळे पाठीराख्यांनी वर्गणी काढून बस केली होती. पहाटे चारला तो परतला तेव्हा मी मुद्दाम जागा राहून निकाल विचारला. तो म्हणाला, "तहकूब." समुद्रावरून धुके आले, पंचांस एका गोलाच्या खांबापासून दुसरा दिसेना, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच बंद झाला. तिकीट पुढील तारखेस चालेल, बसभाडे मात्र बुडाले. तहकूब हा शब्द कानी पडताच माझ्या पोटात काहीतरी ओळखीचे हलले. पण त्या वेळी मी तिकडे दुर्लक्ष केले.

धुक्याशी या संघाचे नाते जुने आहे. 1937 सालच्या नाताळाच्या दिवशी चार्ल्टनचा संघ चेल्सीच्या मैदानावर खेळत असता धुके इतके दाटले की पंचांनी सामना बंद केला आणि सारे खेळाडू आत निघून गेले. एकट्या सॅम बार्ट्रम नामक गोलरक्षकास हे कळले नाही. आपला संघ पलीकडे जोरदार चढाई करीत असावा, म्हणून इकडे कोणी फिरकत नाही, अशा समाधानात तो गोलाच्या तोंडाशी कमरेत वाकून पहारा देत राहिला. आणि बऱ्याच वेळाने धुक्यातून एक पोलीस प्रकट झाला, त्याने सामना केव्हाच संपल्याची वार्ता दिली, असे बार्ट्रमने पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या गोलरक्षकाचा पुतळा आज व्हॅलीच्या बाहेर उभा आहे. इतर संघ विजयी वीरांचे पुतळे उभारतात. या संघाने सर्वांत शेवटी बातमी कळलेल्या मनुष्याचा उभारला, यात मला त्या वस्तीची प्रांजळ आत्मपरीक्षा दिसली. तो उत्तम गोलरक्षक होता आणि 1947 साली संघाने इंग्लंडचा चषक जिंकला तेव्हाही तोच गोलात होता, असे भाच्याने मला जरा चिडूनच ऐकवले.

तहकुबीचा उच्चांक मात्र 1963 सालच्या हिवाळ्याने केला. बर्फ आठवडेच्या आठवडे वितळले नाही. चषकाच्या तिसऱ्या फेरीस 66 दिवस लागले, आणि लिंकन व कव्हेन्ट्री यांच्यातील एक सामना पंधरा वेळा पुढे ढकलला गेला. आता, सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याचा तिकडे फार मोठा व्यवसाय असल्यामुळे, निकालच नाहीत म्हटल्यावर धंदा बुडण्याची वेळ आली. तेव्हा एका लॉर्डच्या अध्यक्षतेखाली जुने खेळाडू आणि पंच यांची एक समिती लंडनमध्ये बंद खोलीत बसवण्यात आली, आणि त्या मंडळींनी, न झालेले सामने झाले असते तर काय झाले असते याचा निवाडा करून, खऱ्याप्रमाणे निकाल जाहीर केले. न खेळता हरण्याची ही सोय ऐकून भाच्याच्या डोळ्यांत क्षणभर आशा चमकली. निदान प्रवास तरी वाचला असता.

प्रवासाची वेळ ठरवण्याचा अधिकार तरी वतनदारास आहे काय, म्हणाल तर तोही नाही. तारीख आणि घटका दूरचित्रवाणीच्या सोयीने बदलतात. शनिवार दुपारचा सामना रविवारी, रविवारचा सोमवारी रात्री, आणि ज्याने दोन महिने अगोदर स्वस्त तिकीट काढून शहाणपणा केला त्यास दंड. उलट, शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही, कारण लोकांनी मैदानावर जावे, घरी बसू नये, असा जुना दंडक आहे. यामुळे असा चमत्कार घडतो, की लंडनमध्ये दुपारी तीन वाजता सुरू होणारा पहिल्या वर्गाचा सामना पुण्याच्या सदाशिव पेठेत रात्री साडेआठ वाजता पिठले-भात जेवताना दिसतो, आणि ज्या गल्लीच्या टोकाशी तो चालला आहे त्या गल्लीतील मनुष्यास दिसत नाही. देव भक्ताच्या दारी नाही, पण परदेशी ग्राहकाच्या घरी आहे, असा हा प्रकार आहे.

जानेवारी उजाडला की गड्यांचा बाजार भरतो. ऑगस्टात भाच्याने ज्याच्या नावाचा सदरा विकत घेतला होता, तो आघाडीचा खेळाडू कोठे जाणार याच्या अफवा ऐकत तो पंधरा दिवस जेवला नाही म्हटले तरी चालेल. गडी जातात, प्रशिक्षकास नारळ मिळतो, मालक तर इतक्या वेळा बदलतात की त्यांची वंशावळ ठेवावयास स्वतंत्र कुलकर्णी नेमावा. या सगळ्या दौलतीत ज्यास बदलीची, बढतीची, राजीनाम्याची किंवा निवृत्तीची मुभा नाही असा इसम एकच, तो म्हणजे पाठीराखा. खरे तर विकला जातो तो त्याचा हा नाइलाज. संघ विकत घेणारा मालक मैदानाची मोजणी करतो, गड्यांची किंमत करतो. पण तो किंमत मोजतो ती, ही सत्तावीस हजार खुर्च्यांवरील माणसे काही झाले तरी दुसरीकडे जाणार नाहीत, या खात्रीची.

वतनदारांनी बंड केले नाही असे नाही. 1985 साली संघ व्हॅली सोडून दुसऱ्या संघाच्या मैदानात बिऱ्हाडकरू म्हणून गेला, आणि परतीस स्थानिक कौन्सिलाची परवानगी मिळेना. तेव्हा पाठीराख्यांनी चक्क 'व्हॅली पार्टी' नावाचा राजकीय पक्ष काढला, 1990 च्या स्थानिक निवडणुकीत साठ उमेदवार उभे केले आणि 14,838 मते मिळवली. एकही जागा हाती आली नाही. परंतु कौन्सिलाचे कान उघडले, आणि 5 डिसेंबर 1992 रोजी, पुन्हा हिवाळ्यातच, संघ आपल्या दरीत परतला व पोर्ट्समथला एका गोलाने हरवता झाला. पुढे 2016 साली, तेव्हाच्या परदेशी मालकाच्या निषेधार्थ, भर सामन्यात मैदानावर प्लॅस्टिकच्या हजारो डुकरांचा वर्षाव करून खेळ थांबवण्यात आला. हा इतिहास भाचा मोठ्या अभिमानाने सांगत असता मी त्यास विचारले, "ही डुकरे टाकावयास आत कसे गेले होते?" तो म्हणाला, "तिकीट काढून." बंड करावयासही ज्यास सरकारजमा करावी लागते, त्या प्रजेचे भवितव्य काय वर्णावे?

माझ्या निघण्याच्या आदल्या रात्री मी वडीलकीच्या नात्याने त्यास समोर बसवले आणि या सर्व गोष्टींचा समारोप केला. मी म्हणालो, "अरे, ज्यात उत्पन्न नाही, अधिकार नाही, ज्याची तारीख दुसरा ठरवतो, ज्याचा निकाल आपल्या हाती नाही, आणि जे सोडताही येत नाही, त्याच्या पायी शहाण्या माणसाने हाडे गोठवून घ्यावीत काय?"

भाचा शांतपणे गळपट्ट्याची घडी करीत होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही उद्याच्या विमानाने कशासाठी जाताय?"

मी म्हणालो, "गावी काम आहे."

"कोर्टाची तारीख आहे ना?"

येथे वाचकांस थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. आमच्या कोकणातील गावी शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघते, तेव्हा तिचा पुढचा दांडा प्रथम कोणी धरावा याविषयी आमचे घराणे आणि खालच्या वाडीचे घराणे यांच्यामध्ये वाद असून, तो दावा माझ्या वडिलांनी दाखल केला, त्यांच्या पश्चात मी वारस म्हणून लागलो, आणि गेली बावीस वर्षे मी पुण्याहून रात्रीच्या एस. टी.ने प्रत्येक तारखेस हजर राहतो. या मानास कोणतेही उत्पन्न नाही. नारळ मिळतो, तोही आता आमचा आम्हीच नेतो.

"मामा, आतापर्यंत किती वेळा तहकूब झाला?" भाच्याने विचारले. लिंकन आणि कव्हेन्ट्री यांचा आकडा आम्ही केव्हाच मागे टाकला आहे, हे मी त्यास सांगितले नाही. "आणि तुमच्यामागे तारखांना कोण जाणार?" हा त्याचा दुसरा प्रश्न. माझा मुलगा बंगळूरास असतो आणि पालखीचा विषय काढताच त्याचा दूरध्वनी तुटतो. तेव्हा माडीवरच्या खोलीतील त्या भाडेकरूकडे एखाद्या थकलेल्या माणसाची नजर कशी वळली असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा समजले, आणि मी भाच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो. त्याने चटकन दिवा मालवला.

ठरलेल्या दिवशी मी जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर हजर झालो. खालच्या वाडीचे प्रतिवादीही आले होते. आम्ही नेहमीप्रमाणे एकाच बाकावर बसून चहा प्यालो, परस्परांच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुपारी पुकारा झाला, वकील दोन मिनिटे उभे राहिले, आणि दावा तहकूब होऊन मार्चातली तारीख पडली. प्रतिवादी बस चुकू नये म्हणून लगबगीने गेले. मी मात्र उठलो नाही. अजून कामकाज चालू होते, कारकून कागद हलवीत होते, एखाद्या दाव्याचे कागद मागे राहून पुन्हा पुकारा झाल्याची उदाहरणे आहेत, आणि 1957 साली एकास पाच असताना बसथांब्यावर गेलेल्या माणसांचे काय झाले हे मी स्वतःच्या कानांनी ऐकून आलो होतो. म्हणून मी बाकावर किंचित पुढे वाकून दाराकडे पाहत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग अंधारातून पट्टेवाला किल्ल्यांचा जुडगा वाजवीत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, कोर्ट कधीच उठलं. तुम्ही अजून इथेच?"